ड्रायव्हरच्या बाजूचा पाइप

सकाळी दूध आणायला निघालेला गोटीराममामा वाटेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या अंगावरून हात फिरवत जायचा. कळंबोलीच्या त्यांच्या सिडको वसाहतीत फुटपाथला लागून गाड्यांची रांगच असते. मामा चालत राहायचा आणि त्याचा उजवा तळवा दारांवरून, मडगार्डांवरून, बॉनेटच्या कडेवरून सरकत जायचा. झोपलेल्या गुराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. नवा वॉचमन आला की सुरुवातीला संशयाने त्याच्या मागोमाग चालायचा. मग कुणीतरी सांगायचं, "अरे, डेंटर आहे तो. सवय आहे त्याला."

डोळ्यांना न दिसणारा पोचा त्याच्या तळव्याला कळायचा. दूध घेऊन वर आला की तो रखमामामीला सांगायचा, "तलमजल्यावरच्या ठाकुराची गाडी परत ठोकलीय कुनीतरी. मागच्या दाराला. त्याला अजून म्हाईत नाय."

"तुमाला तरी कशाला म्हाईत पायजे?" मामी म्हणायची.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. जन्म जासईचा. तरुणपणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवायला आला आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत एका डेंटरच्या हाताखाली राहिला. पुढे त्याच गल्लीत त्याचं स्वतःचं दुकान झालं. द्रुतगती मार्गावर आपटलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. चपट्या झालेल्या, मुरगळलेल्या, काही आतून धुऊन काढाव्या लागलेल्या. त्या तो पुन्हा गाडीसारख्या करून द्यायचा. त्या कामाबद्दल घरी बोलायचा नाही. मात्र कुणाच्याही गाडीत बसला तरी एक हात समोर डॅशबोर्डवर टेकवून बसायचा, आणि स्वतः चालवली तर मागून रिक्षावाले हॉर्न वाजवून कंटाळायचे.

एक गोष्ट त्याला सहन व्हायची नाही: पत्र्यातलं भोक. गंजाचं असो, खिळ्याचं असो, त्याला ते बुजवल्याशिवाय चैन पडायचं नाही. आमच्या जासईच्या घरी जेवायला आला आणि आईच्या पिंपाला भोक दिसलं, तर पिंप घेऊनच परत जायचा.

मग साखरेचा आजार आला. हळूहळू त्याच्या बोटांची जाणीव गेली. "कायम हातमोजा घातल्यासारखा वाटतंय," तो म्हणाला होता. एकदा वेल्डिंगचा गरम तुकडा त्याने नुसत्या हाताने उचलून बाजूला ठेवला आणि तळव्याला फोड आलेला त्याला रात्री जेवताना दिसला. कळलं नव्हतं, दिसलं. त्यानंतर त्याने कामं घेणं बंद केलं. रोज दुकान उघडायचा, झाडायचा, बसायचा, बंद करायचा. सकाळी गाड्यांवरून हात मात्र फिरवत राहिला. फक्त आता तळवा उलटा करून, मनगटाची आतली बाजू लावायचा. ठाकुरांच्या गाडीची बातमी वर यायची थांबली.

अशात ईश्वरीने ती झेन आणली.

ईश्वरी त्याची एकुलती एक मुलगी. रबाळ्याच्या एका कारखान्यात माल तपासणीच्या विभागात आहे. रविवारी ती कच्च्या मैदानावरच्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घ्यायची, मित्रमैत्रिणींच्या मागून आणलेल्या गाड्यांवर. मामाला वाटायचं पोरगी ट्रेकिंगला जाते. शूज तेवढेच मळलेले असायचे.

झेन तिला भंगारवाल्याकडे सापडली. एकेकाळी रॅलीत पळालेली गाडी. दारावर अर्धा सोललेला नंबर, आत मागची सीट नाही, सगळा पत्रा उघडा, आणि माणसाच्या डोक्याभोवती जाड पाइपांचा सांगाडा. टेम्पोतून उतरवली तेव्हा मी तिथेच होते. मामा दुकानाच्या पायरीवर बसला होता.

"ह्या काय आनलास?"

"रेसची गाडी आहे, बाबा. म्हणजे होती."

मामाने आत डोकावून पाहिलं. "आता कोंबड्यांची हाय."

खरंच, पुढच्या सीटखाली पिसं होती आणि एक फुटलेलं अंडं.

तो गाडीभोवती फिरला. मग पाइपांवर बोट ठेवून म्हणाला, "आनि हा पिंजरा कशाला?"

"केज म्हणतात त्याला. गाडी उलटली तर छत खाली येत नाही. आतला माणूस वाचतो."

उलटलेल्या गाड्या मामाने आयुष्यभर पाहिल्या होत्या. पाइपावरचं बोट न काढता त्याने विचारलं, "चालवनार कोन?"

"मी."

"तुज्या आयशीला म्हाईत हाय?"

"तुम्हाला कळल्यावर सांगणार होते."

"म्हनजे मलाच सांगायला लावतेस." तो पुन्हा पायरीवर बसला. बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "इंजिन, वायरिंग, तुज्या त्या ब्रेकचा काय असंल ता तू कर. तुज्या डोक्यावरचा काम मीच करनार. दुसरा कोनी हात लावनार नाय."

"बाबा, पण हात..."

"माजा हात माज्याकडं हाय."

अशी सुरुवात झाली. संध्याकाळी ईश्वरी रबाळ्याहून परस्पर दुकानात यायची. दोघं मिळून जुना रंग खरवडायचे. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली लाल, आणि लालच्या खाली लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर. "हा बघ," मामा तुच्छतेने म्हणायचा, "पोचा काढायला नको म्हनून लांबी भरलीय. चोर." ज्या कुणी ते केलं होतं त्याला तो रोज नव्याने शिव्या द्यायचा, आणि ईश्वरीला त्या शिव्या गाडीखाली नटबोल्ट मोजताना ऐकू येत राहायच्या. तिला बरं वाटायचं. बरेच दिवस तो कुणावर चिडलाच नव्हता.

पोचे काढताना त्याने युक्ती शोधली होती. पत्र्यावर बोटांऐवजी गाल टेकवायचा. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. गाडीच्या दाराला गाल लावून डोळे मिटलेला माणूस.

"मामा, लोक हसतायत," मी एकदा म्हणाले.

"हसू दे. लग्नात नाय नाचलो गालाला गाल लावून, तो आता नाचतंय."

भांडण झालं ते दारांवरून. शर्यतीच्या गाडीचं वजन कमी करायचं म्हणून कुणीतरी दारांच्या आतल्या पत्र्याला रांगेने गोल भोकं पाडली होती. एके दिवशी ईश्वरी कामावरून आली तर दोन्ही दारं गुळगुळीत. मामाने एकूण एक भोक पत्र्याच्या चकत्या बसवून, वेल्ड करून, घासून बुजवलं होतं. तो तिच्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता.

ईश्वरी जमिनीवर बसली. "बाबा! ती मुद्दाम होती!"

"भोकं मुद्दाम?"

"वजनासाठी! गाडी हलकी व्हायला!"

"अगं, गाडी हाय का पिठाची चालन? भोकं पाडून कदी गाडी सुदरते?"

तिने ड्रिल घेतलं आणि त्याच्यासमोर भोकं परत पाडायला सुरुवात केली. मामा उठून घरी निघून गेला. दोन दिवस दोघं मामीच्या मार्फत बोलत होते. मामी स्वयंपाकघरातून एकाचं दुसऱ्याला सांगायची, आणि वर स्वतःचं घालायची. "तो बोलतोय दारं तुजी, पिंजरा माजा. आनि मी बोलते, दोघं जेवा आनि गप झोपा."

त्यावर तह झाला. दारं तिची, पिंजरा त्याचा.

पिंजऱ्याच्या पाइपांनाही लहान लहान भोकं होती, एकेका पाइपाला एक, पेन्सिल जाईल एवढं. ती मामाने पहिल्याच आठवड्यात बुजवून टाकली होती, दारांच्या भांडणाआधीच. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कारण पिंजऱ्यात मोठं काम दुसरंच होतं. ड्रायव्हरच्या बाजूचा, सीटमागचा उभा पाइप खालून गंजून गेला होता. गाडी त्या अंगावर पडली तर सगळा भार त्याच पाइपावर येणार. मामाने तो अख्खा कापून काढला, लोखंड बाजारातून त्याच मापाचा जाड पाइप आणला आणि नवा बसवला. जोडावरचं वेल्डिंग त्याने इतकं नीट केलं की ईश्वरीने तिच्या कारखान्यातल्या सवयीने भिंग लावून पाहिलं आणि भिंग परत खिशात टाकलं.

झेन लाल झाली. स्पर्धा तळोज्याच्या बाजूला एका रिकाम्या ट्रकयार्डात होती. शनिवारी गाड्यांची तपासणी, रविवारी शर्यत. शनिवारी आम्ही तिघं गेलो. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तपासणी करणारे नंदकिशोर नावाचे गृहस्थ होते, कॅप, गळ्यात शिट्टी, बोलणं अगदी मऊ. त्यांनी बेल्ट ओढून पाहिले, आग विझवायचं सिलिंडर पाहिलं, मग पिंजऱ्याखाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काम फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण तपासणीची भोकं कुठे आहेत?"

"कसली भोकं?" ईश्वरी म्हणाली.

"पाइपाची जाडी मोजायला प्रत्येक पाइपाला एक बारीक भोक ठेवतात. आमच्या स्पर्धेत सक्तीचं आहे. जुन्या रॅलीच्या केजला तर असतंच."

ईश्वरीने हळूच बापाकडे पाहिलं.

"ती मी बुजवली," मामा म्हणाला.

नंदकिशोर हसले. "हे पहिल्यांदाच ऐकलं. काही हरकत नाही. ड्रिल आहे आमच्याकडे. परत पाडू, मोजू, झालं. चारपर्यंत तपासणी चालू आहे."

सगळे हसले. मामा हसला नाही. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. तो गाडीपासून लांब, यार्डाच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. ईश्वरी त्याच्या मागे गेली.

"काय झालं? साखर कमी झाली का? बिस्किट देऊ?"

"नाय." त्याने भिंतीला पाठ टेकवली. "ईशे, त्या दिवशी मी दोन पायप आनले होते."

"कुठल्या दिवशी?"

"पिंजऱ्याचा आनला तवा. दुसरा गावदेवीच्या देवलाचा. रेलिंगचा."

जासईच्या गावदेवीच्या पायऱ्यांना रेलिंग करून द्यायचं मामाने कबूल केलं होतं. एकाच टेम्पोतून दोन्ही पाइप आले. बाहेरून गोलाई सारखीच. देवळाचा पातळ, पिंजऱ्याचा जाड. हवा दमट म्हणून आल्या आल्या त्याने दोघांनाही लाल ऑक्साइडचा रंग मारून भिंतीला उभे केले. आणि एकाच दुपारी दोन्ही कापले; एक पिंजऱ्यात बसला, एक देवळात.

"पण कापताना दिसतंच ना, बाबा. कड दिसते."

"दिसतेच. मी बगितलाच असनार." त्याने स्वतःचे हात पाहिले. "पन बगितल्याचा आठवत नाय. कडी लावून निगालेला मानूस रस्त्यात थांबून इचार करतो ना, लावली का नाय, तसा जालाय. पयलं हाताला कलायचा. उचलला की कलायचा. आता हात काय बोलत नाय."

उरलेले तुकडे भंगारात गेले होते. ईश्वरीच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उडाला. वर्षभर तिने सुट्ट्या, झोप, लग्नकार्यं, सगळं या गाडीत घातलं होतं. पाइप पातळ निघाला तर उद्याची शर्यत गेली. पण मामाच्या डोळ्यांपुढे शर्यत नव्हती. गाडी आडवी पडलेली होती आणि आत त्याची मुलगी होती.

एकदम त्याने फोन काढला आणि माझ्या आईला लावला. आई जासईतच असते, देवळापासून हाकेच्या अंतरावर.

"सुमे, देवलात जा."

"आता? दुपारची? काय नवस फेडायचाय?"

"रेलिंग वाजव. पलीनी. फोन त्याच्यापाशी धर."

पली म्हणजे स्वयंपाकघरातली पळी. फोन स्पीकरवर होता. आईचा श्वास, चपला, कुणाची तरी "कुठं चाललीस, सुमित्राबाई?" अशी हाक, आणि आईचं उत्तर, "माज्या भावाचा डोकं फिरलाय, देवीला सांगायला चाललेय." मग ठण. ठण. ठण.

मामा फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकत होता: पातळ वाजला तर देवळाचा देवळातच, जाड वाजला तर अदलाबदल.

"अजून वर वाजव."

ठण.

"तिकडं नको, तिथं सिमीट हाय. मधी."

"गोट्या, बाया बगतायत मला. पुजारी बाहेर आलाय. बोलतोय घंटा हाय की आमच्याकडं, ती वाजव."

एरवी मी हसले असते. मामाने डोळे उघडले आणि मान हलवली. "नाय कलत. कलर लय बसलाय. पायप सिमीटमदी हाय, आवाज मरतो."

त्याने फोन तसाच खिशात टाकला आणि ईश्वरीला म्हणाला, "ऐक. पातल निगाला तर मीच कापून काडनार. इथंच. तू रडायचा नाय, त्या सायबाला हात जोडायचे नाय, उद्या कोनाची दुसरी गाडी मागून बसायचा नाय. गाडी टेम्पोत, आपन घरी."

"नाही रडणार," ती म्हणाली.

"आनि मी भोक पाडनार. तो नाय."

नंदकिशोरांनी ड्रिल त्याच्या हातात दिलं. मामा ड्रायव्हरच्या सीटमागे गुडघ्यांवर बसला. आधी जुन्या पाइपांना भोकं पाडून घेतली. हात बसायला, असं म्हणाला, पण मला वाटतं तो लांबवत होता. मग नव्या पाइपावर आला. भोकाच्या जागी पॉइंट मारला, ड्रिलचं बिट टेकवलं, आणि एकदा वर बघून ईश्वरी कुठे उभी आहे ते पाहून घेतलं.

पातळ पाइप असता तर बिट लगेच आत गेलं असतं. मामाने नंतर सांगितलं, तो त्या धक्क्यासाठी खांदा धरून बसला होता. पातळ पाइपात बिट खड्डकन् पडतं, हात पुढे जातो. तसं झालं नाही. बिट फिरत राहिलं. लोखंडाचा बारीक चकचकीत कीस बाहेर येऊ लागला, गोल गोल, कोवळ्या वेलाच्या टोकासारखा, आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडत राहिला. मामाने जरा जोर वाढवला. बिट तरीही फिरतच होतं. ईश्वरीने श्वास धरला होता. मामाचे खांदे मात्र हळूहळू खाली आले.

"जात नाय," तो म्हणाला. आणि पुन्हा, मोठ्याने, ड्रिलच्या आवाजावर, "ईशे, अजून जात नाय!"

"ऐकू येतंय, बाबा!"

"लोखंड हाय! जात नाय!"

शेवटी बिट पार झालं. नंदकिशोरांनी वाकड्या टोकाचं माप आत घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "पाहिजे त्याहून जाडच आहे, काका. पास."

मामा तिथेच, सीटमागे, मांडी घालून बसला. उठायचं नावच घेईना. ईश्वरीने आत वाकून त्याच्या शर्टावरचा कीस झटकला आणि मग झटकता झटकता तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. दोघं त्या पिंजऱ्यात तसेच बसून राहिले. नंदकिशोर कॅप काढून दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात मामाच्या खिशातून आईचा आवाज आला. "अरे, मेलास का? अजून वाजवू का बस जाला?"

"बस, सुमे," मामा म्हणाला. "बरोबर हाय. पातल देवीकडं हाय."

"पातल देवीकडं? म्हनजे पोरीला चांगला लावलास आनि देवीला हलका?"

"देवी कुटं गाडी चालवते?" मामा म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मग खिशातून गोल कानस काढून त्याने भोकाची धार घासली. तसंच खडबडीत सोडणं त्याला जमेना.

"रंग नका लावू, काका," नंदकिशोर म्हणाले. "उद्या परत बुजलेलं सापडेल."

रविवारी मामी आली, आईही आली. ईश्वरीने तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत एका वळणावर गाडी दोन चाकांवर उभी राहिली, क्षणभर तशीच राहिली, आणि धुळीत परत खाली बसली. मामीने डोळे झाकून घेतले होते. मामाने झाकले नाहीत. गाडी खाली बसल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला की पुढचं डावं मडगार्ड गेलं. ते गेलंच होतं. ईश्वरीला बक्षीस मिळालं नाही. तिचा वेळ पहिल्या दहांत होता आणि ती ते दहा वेळा सांगत होती.

संध्याकाळी झेन टेम्पोतून घरी आली आणि दुकानात न्यायच्या आधी वसाहतीच्या रस्त्यावर उतरवली, धुवायला. शेजारची मुलं तिच्याभोवती जमली. ठाकूर खाली आले, आत वाकून बघत म्हणाले, "ह्याच्यात मागे बसायचं कुठे?" मामीने वरून विचारलं, चहा खाली पाठवू का. ईश्वरी हेल्मेट काखेत धरून कुणाला तरी दोन चाकांची गोष्ट सांगत होती, हात तिरका करून. मामा बादलीत फडकं पिळत होता. मागे एक रिक्षा येऊन थांबली होती आणि हॉर्न वाजवत होती.

मामाने मागे वळून पाहिलं, फडकं झटकलं आणि म्हणाला, "ईशे, गाडी जरा पुढं घे, रिक्षाला जायचा हाय."